दम आधी येतो, शीर मागून

सकाळी अंथरुणातून उठल्यावर मोरीपर्यंतची पहिली दहा पावलं मी गेलं दीड वर्ष मोजत आले आहे. उजव्या टाचेच्या वर, घोट्याच्या मागे जी जाड शीर हाताला लागते, ती त्या दहा पावलांत दिवसाचा निकाल सांगते. ताठलेली असेल आणि दहाव्या पावलानंतरही सुटली नाही, तर त्या दिवशी पळायचं नाही. सुटली, तर बूट घालायचे. पुस्तकात हिला कंडरा म्हणतात, पण आमच्याकडे सगळे शीरच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि दौलताबादला राहते. घराच्या गच्चीवरून चांदमिनार दिसतो, त्याच्यामागे देवगिरीचा उभा तासलेला कडा. माझं लहानपण कन्नड तालुक्यात गेलं. आठवी-नववीत असताना 800 मीटर पळायचे, अनवाणी. तालुक्याला पहिली आले होते. पुढे डी.एड. झालं, लग्न झालं, मुलं झाली आणि पळणं कधी सुटलं ते कळलंही नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बूट घेतले ते आईमुळे. आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ज्या बाईनं डोक्यावर दोन हंडे घेऊन आयुष्यभर विहिरीचं पाणी वाहिलं, तिचं हाड एवढ्याशा पडण्यानं मोडावं, हे मला समजेना. डॉक्टरांनी समजावलं की पाळी जाण्याच्या सुमारास बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्यानंतरची काही वर्षं हाड झपाट्यानं विरळ होत जातं. हाडाला दणका आणि भार मिळत राहिला, तर ही झीज मंदावते. आईच्या खाटेशेजारी बसून मी माझं वय मोजलं आणि त्याच आठवड्यात बूट आणले.

पळायचं ठरलं, पण कुठे, हा प्रश्न होता. घरासमोरून वेरूळचा रस्ता जातो, तरी मी पडेगावच्या जिममध्ये नाव घातलं. स्कूटीवर आठ-नऊ किलोमीटर जायचं आणि तिथे एका जागी पळायचं, हे सासूबाईंना पटेना. पण पहाटेच्या अंधारात कुत्र्यांची टोळी मागे लागते, उजाडलं की पर्यटकांच्या बसगाड्या सुरू होतात आणि एकटी बाई पळताना दिसली की वेग कमी करणाऱ्या मोटारसायकली असतातच. त्यातली एखादी नुसती बघून पुढे जाते, एखादी जात नाही. ज्या बायका आधी ट्रेडमिलवर जातात, त्यांतल्या कित्येकींचं खरं कारण हेच असतं. त्यांना आळशी म्हणू नये.

पहिल्या दिवशी सहा मिनिटांत छाती भरून आली. पाचव्या आठवड्यात वीस मिनिटं सलग पळाले. नवव्या आठवड्यात पाच किलोमीटर 38 मिनिटांत झाले आणि उतरताना मी बोलू शकत होते. टाच सकाळी जराशी धरायची, पण ट्रेडमिल मऊ असते, तिथे पायाला काही होत नाही, असं सगळेच सांगत होते आणि मलाही ते खरं वाटत होतं. मग एका रविवारी लवकर उठून मी खुलताबादच्या दिशेनं घाट चढायला घेतला. दिल्ली दरवाजाची अरुंद कमान ओलांडली, चढ लागला, दम अजिबात लागत नव्हता. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जमिनीला टेकवता येईना.

तीन आठवडे तेल चोळलं, गरम पाण्यात पाय ठेवले, मग शहरातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी शीर दोन बोटांत धरली, दाबली, मी ओरडले. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा दम परत आलाय. शीर अजून यायची आहे."

पळणं पुन्हा सुरू करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य लक्षात ठेवावं असं मला वाटतं, म्हणून त्याचा अर्थ सविस्तर सांगते. पळायला लागलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. महिना-दीड महिन्यात जिना चढताना फरक कळतो. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. शीर आणि हाड मात्र महिन्यांच्या हिशेबानं चालतात. शिरेला रक्तपुरवठाच मुळात कमी असतो. हाड तर भार पडला की आधी जुनं थोडं खरवडून काढतं आणि मग नवं भरतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट कच्चं असतं. या सगळ्या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे नवव्या आठवड्यात छाती सांगते, पळ, आणि घोट्यामागची शीर अजून बांधकामावर असते. पूर्वी पळणाऱ्या माणसाला हे जास्त नडतं, कारण पळायचं कसं ते त्याच्या अंगाला आठवतं. मला नववीतली मुलगी आठवत होती, माझ्या शिरेला ती आठवत नव्हती.

भार किती येतो, तेही ताईंनी कागदावर मांडून दाखवलं. पळताना प्रत्येक पावलाला या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहून जास्त ताण येतो. माझं वजन 58 किलो, म्हणजे दर पावलाला साडेतीन क्विंटल. मोंढ्यात सात पोती ठेवली तर जेवढा ढीग होतो तेवढा. पाच किलोमीटरमध्ये एकेका पायावर हे सुमारे तीन हजार वेळा.

आता ट्रेडमिल मऊ असते या समजुतीबद्दल. 2016 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तीच माणसं जमिनीवर आणि ट्रेडमिलवर पळवून सांध्यांवरचा भार मोजला. गुडघ्याच्या वाटीवर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच भार आला. टाचेच्या शिरेवर मात्र ट्रेडमिलवर सुमारे 12 टक्के जास्त ताण निघाला. ज्या पट्ट्याला मी गादी समजत होते, त्याच्यावर माझी शीर नऊ आठवडे जास्तच राबत होती. पट्टा मऊ असला तरी त्यावर आपलं पाऊल बदलतं. बरेच जण तिथे लहान पावलं टाकतात आणि पोटरीनं जास्त ढकलतात. गुडघा दुखत असेल त्याला ट्रेडमिल सोसते, टाच दुखत असेल त्यानं तिथे सावध राहावं. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तरी मी ट्रेडमिल सोडली नाही. तिचा खरा गुण वेगळाच आहे. तिथे मी जेवढं ठरवलं तेवढंच पळू शकते. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, ताशी साडेसात किलोमीटर वेगानं. असं ताईंनी लिहून दिलं, तर पट्टा तेच देतो, एक चिमूट जास्त नाही. दुखलं की बटण दाबून उतरता येतं. रस्त्यावर घरापासून तीन किलोमीटरवर शीर धरली, तर तीन किलोमीटर लंगडत यावं लागतं. 1996 साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाऊस्ट यांनी दाखवलं होतं की पट्ट्याला 1 टक्का चढ दिला, तर बाहेर पळण्याइतकी शक्ती खर्च होते, कारण आत समोरून वारा कापावा लागत नाही. पण ती गोष्ट चांगल्या वेगानं पळणाऱ्यांची. माझ्या वेगाला वाऱ्याचा अडसर फार नसतो, म्हणून चढ शून्यावर ठेवला तरी चालतं, आणि टाचेच्या दुखण्यात तर शून्यावरच ठेवावा.

वारा नसण्याचा त्रास वेगळा आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. बंद हॉलमध्ये घाम वाळत नाही, अंग तापत जातं, नाडी उगाच चढते. मी समोर फिरता पंखा मागून घेतला आणि त्याच वेगावर नाडी खाली आली. लाईट गेली की पट्टा थांबतो, तेव्हा दांडी धरायची सवय असलेली बरी.

पण माझ्या टाचेला बरं केलं ते ना ट्रेडमिलनं, ना रस्त्यानं. ते शाळेच्या ओट्याच्या पायरीनं केलं.

त्यामागे एक स्वीडिश डॉक्टर आहे. हाकान आल्फ्रेडसन हा अस्थिरोगतज्ज्ञ स्वतः पळायचा आणि त्याचीच टाच दुखायची. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा शीर तुटावी म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हट्टानं त्यानं पायरीवर उभं राहून टाच मुद्दाम खाली सोडायला सुरुवात केली, असं सांगतात. शीर तुटली नाही, बरी झाली. 1998 साली त्यानं हौशी पळणाऱ्या 15 रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. रोज दोन वेळा, गुडघा सरळ ठेवून 15-15 च्या तीन फेऱ्या आणि गुडघा वाकवून तेवढ्याच, सलग 12 आठवडे. पंधराही जण पुन्हा आधीसारखे पळू लागले. पुढे 2015 साली डेन्मार्कमध्ये आठवड्यातून तीनदाच, पण जड वजन घेऊन सावकाश केलेल्या व्यायामाशी याची तुलना झाली आणि गुण सारखाच आला. माझ्या ताईंनी मला हा दुसरा मार्ग दिला. नोकरी करणाऱ्या बाईला रोज 180 वेळा टाच उचलायला वेळ कुठून मिळणार?

मधल्या सुट्टीत, खिचडी वाटून झाली की, मी वर्गासमोरच्या ओट्याच्या कडेवर पायाचा पुढचा भाग ठेवून उभी राहते. एक हात खांबाला. तीन मोजत वर, क्षणभर थांबायचं, तीन मोजत खाली, टाच पायरीच्या पातळीच्याही खाली जाईपर्यंत. पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर. मग एका पायावर, तेव्हा आठव्याला पाय थरथरायला लागायचा. मग पाठीला दप्तर, दप्तरात जुनी पाठ्यपुस्तकं. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं तर आठ किलो भरलं. आता पुस्तकांच्या जागी तांदळाची पिशवी असते, पंधरा किलोची. तिसरीची पोरं समोर बसून मोठ्यानं मोजतात. मी घाईत खाली आले की एक चिमुरडी लगेच म्हणते, "मॅडम, तीन नाही झाले." तिचं बरोबर असतं. खाली येतानाचा सावकाशपणा हेच औषध आहे. त्या क्षणी पोटरी लांब होत असते आणि तरी भार पेलत असते, पळताना पाऊल टेकल्यावर नेमकं हेच होतं.

दुखणं किती चालेल, याचंही माप ताईंनी दिलं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर थांबायचं कारण नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. शून्य दुखायची वाट पाहत बसलो, तर शिरेला कामच मिळत नाही आणि ती आणखी कच्ची होते. दहा पावलं मोजायची सवय तिथून लागली.

पोटरीखेरीज मांडी आणि कंबर. आपल्याकडे बैठका हा व्यायाम तालमीतल्या पुरुषांचा मानला गेला. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका दळताना, जोंधळा काढताना, चुलीपुढे उठबस करताना दिवसाला शेकडो बैठका काढायच्या. गॅसचा ओटा आला आणि आमची ती ताकद गेली. मी खुर्चीच्या कडेवरून एका पायावर उठते, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात चकरा मारते, कुशीवर झोपून वरचा पाय उचलते. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास. 2014 साली 25 अभ्यास एकत्र करून डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवलं की ताकदीच्या व्यायामानं खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहून कमी होतात आणि अतिवापरानं होणारी दुखणी जवळजवळ निम्मी. नुसत्या ताणण्याच्या व्यायामानं मात्र दुखापतींत फरक दिसला नाही. पळण्याआधी दहा मिनिटं वाकून बोटं धरणाऱ्यांनी तो वेळ पायरीवर घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर मी परत आले ते शाळेच्या मुरमाच्या मैदानावर. पहाटे साडेपाचला तिथे पोलीस भरतीच्या मुली येतात. त्यातल्या दोघी माझ्याच हाताखाली शिकलेल्या. मुलींना 800 मीटर, मुलांना 1600, मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका पळण्याला. या गुणांवर घरं उभी राहतात, म्हणून त्या रोज जीव तोडून पळतात, रोज घड्याळ लावून. आणि महिन्या-दीड महिन्यात नडग्या धरून बसतात. शिन पेन झालं म्हणतात, पट्टी बांधतात, पुन्हा पळतात. मी त्यांना सांगते, आठवड्यातले दोनच दिवस जोरात, बाकी दिवस गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं. आणि आणखी एक सांगते, जे त्यांना भरतीच्या अकादमीतले पुरुष सांगत नाहीत. पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर त्याला सराव चांगला चालल्याची खूण समजू नका. पोटात पुरेसं जात नाही, अशी ती खूण आहे, आणि अशा वेळी हाडाला बारीक तडा जायला वेळ लागत नाही. भाकरी अर्ध्यावर सोडू नका. शेंगदाणे, अंडी, डाळ, जे घरात असेल ते पोटभर खा.

त्या मैदानावर मला अविनाश साबळेची गोष्ट सांगायला आवडते, कारण तो आमच्या मराठवाड्याचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. सगळ्यांना त्याचं 2022 चं राष्ट्रकुल रौप्य आणि 2023 चं आशियाई सुवर्ण माहीत असतं. त्याआधी दुखापतीनं तो थांबला होता, वजन बरंच वाढलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला पुन्हा उभं केलं, 2017 साली स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळवलं आणि 2018 मध्ये त्यानं गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत त्याचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. देशातला सगळ्यात तयारीचा माणूस पुन्हा चालण्यापासून सुरुवात करतो, हे ऐकल्यावर मुली घड्याळ जरा बाजूला ठेवतात.

मैदानावरून रस्त्यावर जाताना मी एकच नियम पाळला. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच हजारांहून जास्त पळणाऱ्यांच्या घड्याळातली दीड वर्षाची नोंद तपासली गेली. आठवड्याचा एकूण आकडा किती वाढला, यापेक्षा एकाच दिवशी, गेल्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पळालं की दुखापतीचा धोका ठळकपणे वाढतो, असं निघालं. माझा घाटाचा रविवार नेमका हाच होता. चढ तर वेगळाच. आता वहीत फक्त तेवढंच बघते, महिन्यातलं सगळ्यात लांब कुठलं. पळते रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून. पण डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे उजवं पाऊल सतत खाली पडतं. म्हणून शक्य तिथे मातीच्या साइडपट्टीवर उतरते, आणि माळीवाड्याच्या बाजूला गर्दी नसते तिथे मधोमध.

गेल्या श्रावणात भद्रा मारुतीला पायी गेले. शुक्रवारी रात्री शहरातून माणसांची रांग निघते, आमच्या दारावरून जाते, घाट चढते आणि शनिवारी पहाटे खुलताबादला पोचते. पंचवीस किलोमीटर चालणाऱ्यांत वर्षभर कधीही न चालणारे असतात, आणि पहाटे देवळाच्या बाहेर पोटऱ्या दाबत बसलेल्यांची गर्दी असते. मी आमच्या दारातून त्या रांगेत शिरले, काळोखात घाट चढले, घाई केली नाही. रविवारी सकाळी मोरीपर्यंतची दहा पावलं मोजली. तिसऱ्यालाच शीर सुटली.

या महिन्यात पहिल्यांदा पुन्हा घाटाच्या दिशेनं पळायला गेले. सोबत भरतीच्या दोन मुली होत्या. आठवड्यातून दोनदा पट्ट्यावर, एकदा बाहेर, दोनदा ताकद, असं सध्या चाललंय आणि या महिन्यातलं लांब पळणं चार किलोमीटरचं. दिल्ली दरवाजाच्या अलीकडे उजाडलं. कमानीत एक लांब ट्रक अडकून उभा होता, क्लीनर उतरून आरशापासून दगडापर्यंतचं अंतर हातानं मोजत होता. मुली म्हणाल्या, "मॅडम, ट्रकच्या बाजूनं निघू, वरच्या वळणापर्यंत जाऊ. दम तर लागलेलाच नाही."

मी घड्याळ पाहिलं. दोन किलोमीटर झाले होते.

"इथून मागे," मी म्हणाले, आणि तिघी वळलो.